मिरियमच्या दारावरची पाटी

एनॉस ग्रॉफ आमच्या मजल्यावर राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक आरामखुर्ची, दोन कोट आणि त्याचा मुलगा लामार एवढंच आलं. मुलगा संध्याकाळी परत गेला, कोट कपाटात गेले आणि एनॉस खुर्चीत बसला तो बसलाच. जेवायला बोलावलं की यायचा, बटाटे काट्याने ताटात इकडून तिकडे ढकलायचा, “छान होतं” म्हणायचा आणि निघून जायचा. मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं आहे. खाल्लेलं ताट आणि नुसतं चिवडलेलं ताट यांतला फरक मला कुणी शिकवायला नको.

लामार वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून टाकते. अशा गोष्टींत मुलाला खलनायक करायची लोकांना फार घाई असते. बायको आर्लीन गेल्यावर एनॉस शेतावर एकटा पडला होता, गुडघे गेले होते आणि दोनदा त्याने शेगडी पेटती ठेवून गोठ्यात जाऊन बसला होता. आमच्या आजी-आजोबांच्या काळी मुलगा शेताच्या मागच्या बाजूला म्हाताऱ्यांसाठी छोटं घर बांधायचा आणि मरेपर्यंत त्यांना रोज शिव्या देत सांभाळायचा. आता मुलगा ट्रक चालवतो, सून शाळेत शिकवते, दिवसभर घराला कुलूप. म्हणून आम्ही सगळे इथे. लँकेस्टरच्या या बाजूला मेनोनाइट, म्हणजे आमच्या साध्या ख्रिस्ती पंथाच्या, घरातला म्हातारा माणूस शेवटी होममध्ये, पंथाच्या वृद्धाश्रमातच, येतो. फक्त कुणी चालत येतो आणि कुणी ओढत आणावा लागतो.

एनॉस ओढत आणलेल्यांपैकी. त्याला रोज भल्या पहाटे जाग यायची. गाई विकून झाल्या होत्या, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मग तो बूट घालून आमच्या लांबलचक बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. खालच्या मजल्यावरच्या हॅरल्डने एकदा जेवणघरात सगळ्यांसमोर विचारलं, “वर घोडा बांधलाय का कुणी?” एनॉस लाल झाला आणि दुसऱ्या दिवसापासून मोजे घालून फिरायला लागला. लामार आला की तो एकच वाक्य बोलायचा, “मला परत ने.” लामार टोपी हातात फिरवत म्हणायचा, “डॅट,” आमच्यात बापाला डॅट म्हणतात, “परत कुठे? गोठा रिकामा आहे.” मी शेजारच्या खोलीत राहते आणि इथल्या भिंती पातळ आहेत.

त्याला वाचवलं ते मिरियम एबीने, आणि पुढे त्याने जे केलं ते समजायला हे माहीत असायला हवं.

मिरियम त्याच्या समोरच्या दारात राहायची. एका धर्मोपदेशकाची विधवा, ऐंशीच्या पुढची, अंगाने काटकुळी आणि आवाजाने भरदार. आमच्यात गाताना पेटी नसते की पियानो नसतो, चार पट्ट्यांतले गळे एवढंच. खालच्या पट्टीतल्या बायका सगळ्या मिरियमकडे कान लावून गायच्या. ती चुकली तर आम्ही एकजुटीने चुकायचो. आणखी एक, आमच्यात सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीतच हाक मारतात, मग तो नवा आलेला शेतकरी असो की बिशप. तेव्हा मिरियमने पहिल्याच आठवड्यात एनॉसला विचारलं, “तू आला आहेस की अजून यायचा आहेस? खुर्चीत कुणी दिसत नाही मला.”

इथे प्रत्येक दाराच्या मुठीला रात्री एक पाटी लावायची असते. हिरवी, पातळ, हाताच्या पंजाएवढी. झोपण्यापूर्वी बाहेर अडकवायची आणि सकाळी उठलं की आत घ्यायची. आत घेतली याचा अर्थ माणूस उठला, पायावर उभा आहे. न्याहारीच्या आधी मजल्यावरचा एकजण फेरी मारतो आणि कुणाची पाटी अजून लटकत असेल तर केंड्राला, म्हणजे आमच्या परिचारिकेला, फोन करतो. आमच्या मजल्यावर हे काम क्लॅरेन्स करायचा. तो मुलीकडे ओहायोला गेला तेव्हा मिरियम केंड्राला म्हणाली, “एनॉसला दे ना. तो तसाही फिरतोच.”

एनॉसने काम घेतलं आणि आठवड्याभरात त्याचं ताट रिकामं व्हायला लागलं. महिन्याने तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. माणसाला आराम हवा असतो असं सगळे म्हणतात. एनॉसला आरामाने जवळजवळ मारलं होतं, आणि रोज सकाळी काही दारं बघायची आहेत एवढ्यावर तो उठून बसला. तो आमच्याकडे बघायचा तेही कळपाकडे बघावं तसं. कोण कमी खातंय, कोण भिंतीला धरून चालतंय, कुणाच्या डोळ्यांत पाणी जास्त आहे. एकदा जेवणघराच्या दारात त्याने मला थांबवलं.

“लिडिया, मागचा डावा पाय जपून टाकतेस तू.”

“मागचा डावा? मला पाय किती आहेत असं वाटतं तुला?”

तो गोंधळला. मग हसला. तो आल्यापासून पहिल्यांदा हसला असेल. आणि घोट्याची सूज खरीच होती, मीच कुणाला सांगितली नव्हती.

मिरियमचं आणि त्याचं छान जमलं. न्याहारीला समोरासमोर बसायचे, ती बोलायची आणि तो खायचा. लोकांनी चेष्टा केलीच. हॅरल्ड म्हणायचा, “एनॉस, तिच्या दाराजवळ जरा जास्त वेळ रेंगाळतोस असं ऐकतो!” एनॉस म्हणायचा, “दार आहे ते. सगळ्यांच्या दाराला मूठ असते.” त्याच्या बोलण्यात आडपडदा नसतो. म्हणजे तोपर्यंत नव्हता.

होमला लागून एक तळं आहे. तळ्यापलीकडे बैठी इमारत आहे, ज्यांना आता एकट्याने राहणं जमत नाही त्यांच्यासाठी. तिथे काय चालतं ते आम्हाला माहीत आहे, आमचेच मित्र तिथे आहेत, तरी “अमका तळ्यापलीकडे गेला” हे आम्ही अशा आवाजात म्हणतो की ऐकणाऱ्याने टोपी काढावी. मिरियमची बहीण एल्वा तिथेच वारली. शेवटी शेवटी ती मिरियमला ओळखत नव्हती. त्या दिवसांत एकदा मिरियम तिकडून आली, जेवायला बसली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “मला तिकडे न्यायची वेळ आली ना, तर वाटेत तळ्यातच ढकला.”

आम्ही सगळे हसलो. ती बोललीच तशी होती. एनॉस मात्र हसला नाही. विनोद कळायला त्याला थोडा वेळ लागतो, आणि हा त्याला कधीच कळला नाही. आमचे लोक न्यायालयातसुद्धा शपथ घेत नाहीत. माणसाचा साधा “हो” पुरे, साधा “नाही” पुरे, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मिरियम “नाही” म्हणाली आणि एनॉसने तो शब्द घेऊन आत ठेवून दिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्याअखेरीस मिरियम विसरायला लागली. सुरुवात आम्हा सगळ्यांसारखीच, चष्मा, नावं. मग एकच गोष्ट एका जेवणात दोनदा. मग एक दिवस गोधडी शिवायला बसलो असताना तिने सुई हातात धरली आणि पुढे काय करायचं ते तिला आठवेना. तिने सुई शेजारणीला दिली आणि म्हणाली, “आज डोळे दुखतायत.” आम्ही मान हलवली. या वयात कुणी कुणाचे डोळे तपासत नाही.

आणि ती पाटी आत घ्यायला विसरायला लागली. एकदा राहिली, केंड्रा धावत आली, मिरियम आत चहा पीत बसलेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा झालं की केंड्रा खुर्ची ओढून बसते, गोड बोलते आणि कागद पुढे करून घड्याळ काढायला सांगते, सगळ्या आकड्यांसकट, काटे अमुक वाजता. त्या घड्याळाला आम्ही जेवढे घाबरतो तेवढे मरणालाही घाबरत नाही. घड्याळ चुकलं की तळं.

तिसरी वेळ आलीच नाही. का आली नाही हे आम्हाला फार नंतर कळलं, पण सांगायचं तर इथेच सांगायला हवं. एनॉस पहाटे फेरी मारायचा, मिरियमची पाटी मुठीवरून काढायचा आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवायचा. मग न्याहारीच्या आधीची खरी फेरी मारायचा आणि केंड्राला सांगायचा, “सगळे उठले.” सुरुवातीला, असं तो म्हणाला, तो दाराशी थांबायचा. आत दिवा लागला, दाराखालच्या फटीत सावली हलली की मगच पाटी सरकवायचा. पुढे सवय झाली. रोज दिवा लागतोच, मग थांबायचं कशाला? मिरियमशी तो याबद्दल एक अक्षर बोलला नाही. ती त्याच्याशी बोलली नाही. न्याहारीला दोघे समोरासमोर बसत होते आणि हवेबद्दल बोलत होते.

असा शरद गेला, नाताळ गेला, नव्या वर्षाचं डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी खाऊन झाला. जानेवारीत बर्फ पडून गोठला. त्या दिवशी सकाळी मिरियम न्याहारीला आली नाही. एनॉस म्हणाला, “झोपली असेल. थंडी आहे.” गोधडीला आली नाही. आम्ही म्हटलं, डोळे दुखत असतील. दुपारी जेवणघरात कोंबडी-मक्याचं सूप होतं. मिरियम बाकी काही विसरली तरी ते सूप विसरायची नाही. तिची खुर्ची रिकामी दिसली. मी वाडगा भरून घेतला आणि तिचं दार ठोठावलं.

आतून आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज, घसा फाटलेला.

केंड्रा किल्ली घेऊन आली. मिरियम पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये जमिनीवर होती. रात्री कधीतरी न्हाणीघरात जाताना पडली होती. पायपुसणं ओढून अंगावर घेतलं होतं तिने, ओठ निळे पडले होते, आणि एक पाय बघवत नव्हता. हिरवी पाटी तिच्यापासून हातभर अंतरावर पडली होती.

केंड्रा पोर चांगली आहे, पण घाबरली की मोठ्याने विचार करते. “पण पाटी तर सकाळीच आत होती! म्हणजे ती उठली होती. उठली आणि मग पडली...”

एनॉस दारात उभा होता. तो कधी आला मला कळलं नाही.

“ती उठली नव्हती,” तो म्हणाला. “पाटी मी आत टाकली.”

“म्हणजे?”

“मी रोजच टाकतो.”

केंड्राने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग ओरडायचं सोडून मिरियमच्या अंगावर ब्लँकेट घालायला लागली. मी मात्र ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि माझ्या हातातलं सूप अर्धं गालिच्यावर गेलं.

मिरियमचं खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, ती वाचली, आणि तिथून तिला थेट तळ्यापलीकडे आणलं. घड्याळ काढायला सांगायचीही गरज उरली नव्हती.

आमच्यात जुनी रीत आहे. चूक केली तर ती बिशपच्या कानात नाही सांगायची, सगळ्या मंडळींसमोर उभं राहून सांगायची. तरुण लोकांत आता ती जवळजवळ बंद पडली आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही खालच्या दालनात गायला जमतो. त्या रविवारी पहिलं भजन संपलं आणि एनॉस उठला. त्याला गुडघे टेकायचे होते, पण गुडघे ऐकेनात, म्हणून त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि मान खाली घालून उभा राहिला.

“मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “शरदापासून रोज. सगळे उठले म्हणून सांगितलं आणि एक बाई उठली की नाही ते मला माहीत नव्हतं. ती रात्रभर जमिनीवर पडून होती, आणि सकाळी कुणी आलं नाही ते माझ्यामुळे. मी माफी मागतो.”

  अशा वेळी मंडळी “आम्ही क्षमा करतो” म्हणतात, पण कुणाच्या तोंडून ते निघेना. मग हॅरल्ड उठला. हॅरल्ड, जो आयुष्यात एक गंभीर वाक्य बोलला नसेल.

“मी पॉल लँडिसची पाटी आत टाकतो,” तो म्हणाला. “इस्टरपासून.”

पॉल लँडिस त्याच्याच शेजारी बसला होता. “मला वाटलं मीच घेतो,” तो म्हणाला.

कुणीतरी हसलं, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी उठल्या. त्या दुसरीला न सांगता एकमेकींच्या पाट्या आत टाकत होत्या आणि दोघींनाही वाटत होतं की आपणच तेवढी शहाणी. केंड्रा भिंतीला टेकून उभी होती. सगळ्या होममधल्या हिरव्या पाट्यांपैकी किती खऱ्या होत्या ते तिला त्या रात्री कळलं, आणि ती कुणालाही न रागावता घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. आता फेरी मारणारा दार ठोठावतो आणि आतून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय हलत नाही. पहिल्या आठवड्यात आतून जे आवाज आले ते प्रार्थनाघरात सांगण्यासारखे नव्हते.

आमच्या मजल्यावर फेरीला आता खालून हॅरल्ड येतो. एनॉसने काम सोडलं, कुणी काढून घेतलं नव्हतं. तो परत खुर्चीत बसला. परत बटाटे ताटात फिरायला लागले. लामार आला तेव्हा भिंतीपलीकडून मी ऐकलं, “मला परत ने,” आणि या वेळी लामार म्हणाला, “बरं डॅट. शनिवारी ट्रक आणतो.” त्याचा आवाज रडवेला होता. घरात बाप एकटा काय करणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

मिरियमला भेटायला एनॉस एकदाही गेला नव्हता. मी जाऊन आले होते, तिने “एनॉस कुठे आहे?” असं दोनदा विचारलं होतं, आणि मी काहीतरी पुटपुटले होते. शुक्रवारी माझं डोकं फिरलं. मी त्याचं दार न ठोठावता उघडलं.

“उद्या जायचंय ना तुला? जा. पण आधी तिला तोंड दाखव.”

“काय सांगू तिला?”

“सगळ्या दालनासमोर बोलता आलं आणि एका म्हातारीसमोर बोलता येत नाही होय? ऊठ. कोट घाल.”

त्याने कोट घातला, कानात ऐकायची यंत्रं घातली, आणि तळ्याला वळसा घालून आम्ही गेलो. वाट निसरडी होती. त्याने माझा हात धरला होता, की मी त्याचा, सांगता येणार नाही.

मिरियम खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर रुमालांचा ढीग. ती घड्या घालत होती. तिचे गाल भरले होते, हे माझ्या आधीच्या भेटीत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्या वेळी तिच्याकडे नीट पाहिलंच नसावं. तळ्यापलीकडच्या माणसाकडे आपण नीट पाहत नाही.

“आलास,” ती म्हणाली. “बस. मला तुझ्यावर ओरडायचंय, आणि विसरायच्या आधी ओरडायचंय.”

एनॉस बसला.

“मी जमिनीवर होते. मला वाटलं सकाळ झाली की कुणीतरी येईल, पाटी बाहेर आहे, येतीलच. आणि मग तू आलास. तुझे मोजे ऐकले मी. मी हाक मारली, ‘एनॉस, एनॉस!’ आणि फटीतून ती पाटी सरकत आत आली, माझ्या नाकासमोर. आणि तू निघून गेलास.”

“कानात यंत्रं नव्हती,” एनॉस म्हणाला. “न्याहारीपर्यंत मी ती घालत नाही.”

“ते मला काय माहीत? मी आयुष्यात कुणा माणसावर इतकी चिडले नव्हते. माझ्या नवऱ्यावरसुद्धा नाही, आणि त्याच्यावर चिडायला खूप कारणं होती.”

एनॉसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो पुसत नव्हता. “मला वाटलं मी तुला वाचवतोय,” तो म्हणाला. “तू म्हणाली होतीस, तळ्यात ढकला म्हणून.”

“कोण म्हणालं? मी?”

“एल्वा आजारी होती तेव्हा. जेवताना.”

मिरियम रुमालाची घडी घालायची थांबली. “असेन म्हणाले. मी किती काय काय म्हणते. एनॉस, त्या शरदात मी सकाळी उठायचे आणि मला कळायचं नाही की आधी केस विंचरायचे की दूध गरम करायचं. भिंतीला धरून बसायचे. गोधडीला गेले की घाम फुटायचा, आता कुणाला कळणार म्हणून. जेवताना मी कमी बोलायला लागले, एकच गोष्ट दोनदा निघू नये म्हणून. संध्याकाळी इतकी दमायचे की कपड्यांसकट झोपायचे. कितीदा ठरवलं, उद्या केंड्राला सांगते की पोरी, मला जमत नाही आता, मला घेऊन जा. आणि सकाळी दारातून ती पाटी आत यायची. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी एवढं करतोय. आता मी कुठल्या तोंडाने सांगू?”

 बाजूच्या खोलीत कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

“इथे मी विसरले तर विसरले,” मिरियम म्हणाली. “कुणाला काही वाटत नाही. काल मी एकच गाणं तीनदा सुरू केलं आणि सगळ्यांनी तीनदा म्हटलं.”

“म्हणजे मी तुला तिथे अडकवून ठेवलं,” एनॉस म्हणाला.

“हो,” मिरियम म्हणाली. “आणि मी तुला.”

तिने त्याला माफ केलं का, हे मला सांगता येणार नाही. तिने रुमालांचा अर्धा ढीग त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो घड्या घालायला लागला, अगदीच वाईट. ती त्याची प्रत्येक घडी उलगडून परत घालत होती. मी तशीच निघून आले. शनिवारी लामार ट्रक घेऊन आला, बापाशी बराच वेळ बोलला आणि रिकामा ट्रक घेऊन परत गेला. जाताना मला बोळात भेटला, म्हणाला, “लिडिया, डॅट म्हणतोय त्याला इथे काम आहे.” काम म्हणजे रोज दुपारी तळ्यापलीकडे जाऊन रुमाल बिघडवणं.

मिरियम दीड वर्ष जगली आणि चांगली जगली. शेवटच्या महिन्यांत तिला आमच्यापैकी कुणाचं नाव येत नव्हतं, पण खालची पट्टी शेवटपर्यंत येत होती. ती गेल्यावरही एनॉस नीट जेवत होता, मी पाहत होते.

या शरदात, एका सकाळी, तो माझ्या दारात आला. दाढी अर्धी केलेली.

“लिडिया, मी केंड्राकडे चाललोय. तळ्यापलीकडे खोली माग म्हणून सांगतो.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी. काल रात्री मी जेवणघरातून परत येताना खोली चुकलो. परवाही. आज उठलो तर आर्लीनला हाका मारत होतो. केंड्राने घड्याळ काढायला सांगितलं तर काढीन, पण मला येणार नाही, आत्ताच करून बघितलं.”

 या बोळात माझ्या शेजारी दुसरं कोण येणार, कसलं येणार, माझ्या मागच्या डाव्या पायाकडे कोण बघणार? मिरियमचं सगळं माझ्यासमोर घडलं होतं. मीच त्याला हाताला धरून तिच्याकडे नेलं होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, एवढ्यात कशाला? मी आहे ना शेजारी. हॅरल्डला मी बघून घेते. तो ठोठावायला आला की मी सांगत जाईन, एनॉस उठलाय म्हणून. कुणाला कळणार आहे?”

एनॉसने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजारी गाईकडे बघावं तसं.

“नको, लिडिया,” तो म्हणाला, आणि अर्ध्या दाढीनिशी केंड्राच्या खोलीकडे चालू लागला. चुकून उलट्या बाजूला गेला. मी उठले आणि त्याला वाट दाखवायला गेले.